ओलं फडकं आणि वीस मिनिटं

गेले पाच रविवार मी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, फरशीवर खोक्याचा पुठ्ठा अंथरून, एका गाडीखाली पडून काढले आहेत. सोसायटीतल्या पोरांना आता याची सवय झालीय, सेक्रेटरींना अजून नाही. फरशीवर पडणाऱ्या ऑईलच्या डागांबद्दल नोटीस बोर्डावर जी चिठ्ठी लागलीय तिच्यात "काही सभासद" असा उल्लेख आहे. हे काही सभासद म्हणजे एकटे अस्मादिक.

गाडी बाबांची. प्रीमियर पद्मिनी, १९८१ सालची. घरात तिला कुणी कधी पद्मिनी म्हटलं नाही, ती आपली 'फियाट'च. २०२० च्या लॉकडाऊनपासून ती कव्हर घालून उभी होती आणि तशीच राहिलीही असती. पण खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते, आणि १९८१ च्या गाडीची पाळी २०२६ मध्ये येते. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ही फी पाच हजारांवरून दहा हजार झाली. म्हणजे आता एकदाचं ठरवायला हवं होतं, ठेवायची की भंगारात द्यायची. बायकोचं मत स्पष्ट होतं. माझंही जवळजवळ तेच होतं. बाबांना विचारलं, तर ते (वय ७८, दोन्ही हातांना कंप) एवढंच म्हणाले, "आधी चालते का ते बघ."

पंचवीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेला जुना कोड निस्तरण्यात घालवलेल्या माणसाला असं म्हणणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.

नवी बॅटरी, नवं ऑईल, टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकून ताजं दहा लिटर पेट्रोल. (इन्शुरन्स आणि पीयूसी आधी केलं, हे आरटीओतल्या वाचकांसाठी.) आठ-दहा वेळा स्टार्टर मारल्यावर गाडी खोकली, धूर सोडला आणि चक्क सुरू झाली. मी खूष! ऐटीत बाहेर पडलो आणि बरोब्बर वीस मिनिटांनी, भर चौकात, गाडी दोन आचके देऊन बंद. अर्ध्या पुण्याने मागून हॉर्न वाजवले. ढकलून कडेला घेतली, एक चहा प्यालो, पुन्हा किल्ली फिरवली तर जणू काही झालंच नाही अशी सुरू. घरी येईपर्यंत ठीक.

आमच्या धंद्यात म्हणतात की रोज येणारा बग परवडला, पण मधूनच येऊन जाणारा नको. ही फियाट बरोबर त्या जातीची निघाली.

पहिल्या रविवारी कार्ब्युरेटर खोलला. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारं हे यंत्र. इंजेक्शनच्या गाड्या आल्यापासून नव्या मोटारींत ते दिसत नाही. आत पितळी जेट, तरंगणारा फ्लोट आणि दोन-तीन स्प्रिंगा. प्रत्येक पायरीचा मोबाईलवर फोटो काढला, जेट फुंकून साफ केले आणि परत जोडताना एक स्प्रिंग हातातून उडाली. चाळीस मिनिटं शोधली. ती माझ्याच चपलेत होती. सगळं जोडून फेरी मारली : वीस मिनिटं, दोन आचके, बंद.

दुसऱ्या रविवारी पेट्रोल पंप. म्हणजे गाडीतला. फियाटमध्ये पेट्रोलची टाकी मागे डिकीत आणि हा पंप पुढे इंजिनाच्या अंगाला चिकटवलेला. आत रबरी पडदा असतो, तो खालीवर होऊन पेट्रोल ओढतो. पडदा बाहेर काढला तर तो मऊ पडून सुरकुतला होता. आजकाल पंपावरच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि १९८० च्या सुमाराच्या रबराला ते सोसत नाही. मला वाटलं, सापडलं! आता नवा पडदा बसवला की झालं.

नवा पडदा मिळवायला दोन शनिवार गेले. नाना पेठेतल्या दुकानांतून हिंडलो, जुन्या बाजारात उकिडवं बसून गंजक्या लोखंडाचे ढीग चिवडले. एका दुकानातले काका म्हणाले, "फियाटचा पंप किट? साहेब, तीन-चार वर्षांपूर्वी आला असतात तर चार प्रकारचे दाखवले असते. मुंबईच्या टॅक्स्या गेल्या, माल यायचा थांबला. आता कुणासाठी ठेवायचा?" मग आतल्या फळीवरून धूळ झटकत एक पुडी काढली आणि वर म्हणाले, "हा शेवटचा."

त्यांचं वाक्य डोक्यात राहिलं. माझी गाडी पुण्याची, खाजगी. तिचा पार्ट मिळणं न मिळणं मुंबईच्या टॅक्स्यांवर का अवलंबून असावं? घरी आलो, पडदा बसवला (वीस मिनिटं, दोन आचके, बंद), हात धुतले आणि या गाडीचा इतिहास वाचत बसलो. पुढचं सगळं त्यातून आलं.

*

ही गाडी मुळात इटलीची. फियाट कंपनीने १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात 'अकराशे-एकशेतीन' नावाचं मॉडेल मांडलं. रचना दान्ते जियाकोसा या अभियंत्याची, ज्याने त्याआधी छोटी 'टोपोलिनो' केली होती. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, चार गिअर, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला. युद्धातून सावरणाऱ्या इटालियन मध्यमवर्गासाठी केलेली साधी, हलकी कुटुंबाची गाडी.

ती आपल्याकडे आली कुर्ल्याला. सोलापूरचे वालचंद हिराचंद (१८८२-१९५३) यांना इंग्रजांच्या राज्यातच मोटारीचा कारखाना काढायचा होता. माणूस असा की सिंदिया ही जहाज कंपनी, बंगळूरला विमानाचा कारखाना, विशाखापट्टणमला जहाजबांधणी, सगळं एकाच आयुष्यात. फोर्डशी बोलणी फिसकटली, मग १९४० मध्ये अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार झाला. युद्धाच्या काळात सरकारने मदतीचा हात दिला नाही. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून जोडणी केलेल्या डॉज-प्लिमथ गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे पन्नाशीच्या सुरवातीला फियाटशी संबंध जुळला आणि १९५४ मध्ये अकराशे आली. मागून गोलमटोल दिसणाऱ्या या पहिल्या पिढीला आपल्या लोकांनी 'डुक्कर फियाट' असं प्रेमळ नाव ठेवलं. जुन्या मराठी सिनेमात ती तुम्ही नक्की पाहिली असेल.

इथे एक सरकारी निर्णय महत्त्वाचा आहे. त्या वेळी परदेशी कंपन्या इथे सुटे भाग आणून नुसती जोडणी करायच्या. जनरल मोटर्सचा तर शिवडीला १९२८ पासून कारखाना होता. १९५३ च्या टॅरिफ कमिशनने सांगितलं की ज्यांचा इथेच गाडी बनवायचा कार्यक्रम नाही त्यांनी थांबावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनीही गाशा गुंडाळला. मोटारींच्या बाजारात मुख्य नावं उरली तीन : कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स (जिची अँबॅसडर), मद्रासची स्टँडर्ड आणि आपली कुर्ल्याची प्रीमियर.

हा निर्णय मूर्खपणाचा होता असं आज म्हणणं फार सोपं आहे. मला तसं म्हणवत नाही. परकीय चलन नव्हतं आणि देशात प्लगपासून कॉइलपर्यंत काहीही बनत नव्हतं. त्या धोरणातून सुट्या भागांचा उद्योग उभा राहिला. बंगळूरच्या मायकोचे प्लग, मद्रासच्या लुकास-टीव्हीएसची इलेक्ट्रिकची सामग्री, आणि या मोठ्या नावांच्या मागे पॅकिंग, बुश, रबरी नळ्या बनवणारे शेकडो लहान कारखाने. आज पुण्याच्या आसपास आपण वाहन उद्योगाचा एवढा पसारा बघतो, त्याच्या मुळाशी हेही आहे.

पण याची दुसरी बाजू अशी की गाडी जिथल्या तिथे थांबली. इटलीत १९६२ मध्ये अकराशे-डी आली, ती दोन वर्षांनी आपल्याकडे आली. इटलीने ती १९६६ मध्ये सोडली, आणि १९६९ मध्ये फियाटने पूर्ण नवी, पुढच्या चाकांवर चालणारी १२८ आणली. कुर्ल्यात मात्र अकराशे-डीच निघत राहिली. सत्तरीच्या सुरवातीला फियाटशी करार संपला तेव्हा नाव बदलून 'प्रीमियर प्रेसिडेंट' झालं आणि १९७४ पासून चितोडच्या राणीवरून 'पद्मिनी'. कपडे थोडे बदलले, आतली हाडं तीच. २००० च्या सुमाराला उत्पादन थांबेपर्यंत तीच.

का बदलावी? गाडी घ्यायला लोक रांगेत उभे होते. तिन्ही कंपन्या मिळून देशात वर्षाला मोटारी निघायच्या तीस-चाळीस हजारांच्या आसपास, काही वर्षी त्याहूनही कमी. जास्त काढायच्या तर लायसन्स हवं. नवी यंत्रं आणायची तर परकीय चलनाची परवानगी हवी. १९६९ मध्ये सरकारने मोटारींच्या किमतीही बांधून दिल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ज्याचा माल आहे तसा खपतो आणि ज्याची किंमत सरकार ठरवतं, तो नवं डिझाईन कशासाठी काढेल? आमच्या भाषेत सांगायचं तर हे १९५३ चं सॉफ्टवेअर होतं, मूळ कंपनीने सपोर्ट कधीच बंद केलेला, आणि तरीही जवळपास अर्धशतक नव्याने इन्स्टॉल होत राहिलेलं.

बाबांनी गाडी नोंदवली १९७५ मध्ये. हातात आली १९८१ मध्ये. सहा वर्षांत त्यांचं लग्न झालं, बदली झाली, मी झालो, आणि मग गाडी आली. दोनच वर्षांनी, १४ डिसेंबर १९८३ ला, मारुती ८०० ची पहिली किल्ली दिल्लीत एका ग्राहकाच्या हातात पडली. बाबांचं कर्ज तेव्हा अजून फिटायचं होतं.

*

तिसरा रविवार इग्निशनचा. डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढलं, पॉइंट घासले, फिलर गेज घालून फट मोजली, कंडेन्सर बदलला. गाडी गरम झाली की कंडेन्सर दगा देतो, असं कळलं होतं आणि माझ्या लक्षणांशी ते जुळतही होतं. सगळं जोडलं. किल्ली फिरवली आणि सायलेन्सरमधून बंदुकीसारखा बार निघाला. कबुतरं उडाली. सेक्रेटरी बनियनवर खाली आले.

प्लगच्या वायरी मी एक-दोन-तीन-चार अशा ओळीने लावल्या होत्या. इंजिनात ठिणगी त्या ओळीने पडत नाही, तिचा क्रम एक-तीन-चार-दोन. हे इंजिनावर ठळक लिहिलेलं नसतं, ज्याला माहीत त्याला माहीत. वर खिडकीतून बाबा बघत होते. त्यांनी कंप पावणाऱ्या हाताने बोटं दाखवली : एक, तीन, चार, दोन. पंचाहत्तरीनंतर सकाळी गोळी घेतली की नाही हे त्यांच्या लक्षात राहत नाही, पण हे आहे.

त्या संध्याकाळी त्यांनी कपाटातून गाडीची वही काढून दिली. लाल कापडी पाठीची लांबट वही. १९८१ पासून प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर, काय केलं, किती पैसे. "ग्रीस. पुढची दोन्ही चाके." "पॉइंट साफ." "टॅपेट." "क्लच वायर तुटली, लोणावळा, मिस्त्री रु. ३५." आमच्याकडे कोडमध्ये केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवतात आणि नव्या पोरांना ती नीट लिहायला शिकवता शिकवता आमचा जीव जातो. बाबांची नोंद आमच्या निम्म्या टीमपेक्षा चांगली आहे.

वही चाळताना सगळ्यात जास्त वेळा आलेली नोंद होती ही : "व्हेपर लॉक. ओलं फडकं. २० मि."

ज्यांच्या घरी फियाट होती त्यांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. पंप इंजिनाला चिकटलेला, त्यामुळे उन्हाळ्यात घाटात तो इतका तापतो की आतल्या पेट्रोलची वाफ होते. पंपाला द्रव ओढता येतो, वाफ ओढता येत नाही. गाडी बंद. मग बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि वाट बघायची. खंडाळ्याच्या घाटात कडेला उघड्या बॉनेटच्या गाड्यांची रांग, बाजूला सतरंजीवर बसून पुरी-भाजी खाणारी कुटुंबं, हे माझ्या लहानपणाचं चित्र आहे आणि फार आनंदाचं आहे. तसंच दुसरं चित्र रविवार सकाळचं : बाबा बनियनवर, ट्रान्झिस्टर चालू, बॉनेटमध्ये डोकं, आणि मी पाने हातात देणारा असिस्टंट. दहाचा दे, तेराचा दे. (फियाट इटलीची म्हणून तिचे नटबोल्ट मिलिमीटरचे. शेजारच्या काकांची अँबॅसडर विलायती वंशाची, तिला इंचाचे पाने. त्यामुळे दोन्ही घरांत पान्यांची उसनवारी कधी जमली नाही.)

जुन्या गाड्या साध्या होत्या, घरच्या घरी दुरुस्त व्हायच्या, त्यात एक मजा होती, असं आपण सगळेच म्हणतो. मीही इतकी वर्षं म्हणत आलो. गेले चार रविवार माझी चिडचिड होत होती तीही याचमुळे. मला ती मजा का येत नाहीये? मी बाबांना म्हटलं, "बाबा, तुम्ही दर रविवारी हे करायचात. तुम्हाला किती मजा येत असेल ना?"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "मजा? मला त्या गाडीचा राग यायचा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"अरे, सोमवारी ऑफिस असायचं. मिस्त्री सांगेल त्या दिवशी यायचा नाही. गाडी त्याच्याकडे टाकली तर चार दिवस जायचे, आणि चांगला पार्ट काढून जुना बसवेल ही भीती. नवी गाडी घ्यायची तर पुन्हा सहा वर्षं रांग. करणार काय? शिकलो." मग थोडं थांबून, "तू पाने देत होतास म्हणून ट्रान्झिस्टर लावायचो. नाहीतर तोंडातून शिव्या यायच्या."

मी वही पुन्हा उघडली आणि या वेळी वेगळी वाचली. जुलै १९८६ च्या एका पानावर : "आईला दवाखान्यात नेताना बंद. रिक्षाने गेलो. नंतर पॉइंट." म्हणजे माझी आजी. त्या दिवसाची मला एवढीच आठवण आहे की पाऊस होता आणि मला शाळेला सुट्टी मिळाली. बाबांच्या वहीत त्याच्यावर तीन वाक्यं आहेत, त्यातलं एक पॉइंटबद्दल.

असो. सांगायचं असं की आम्ही ज्याला साधेपणा म्हणतो तो कुणी ग्राहकाच्या सोयीसाठी ठेवलेला नव्हता. गाडी उघडता येत होती कारण ती १९५३ ची होती, आणि उघडावी लागत होती कारण दुसरी मिळत नव्हती. ज्याला मी बाबांचा छंद समजत होतो तो त्यांच्या पिढीवर पडलेला एक कर होता, रविवारी भरायचा.

*

आता दुकानातल्या काकांच्या वाक्याकडे येतो. कारण "घरच्या घरी" हाही अर्धाच खरा शब्द आहे.

बाबांच्या वहीत त्यांच्या स्वतःच्या कामांइतकेच दुसऱ्यांचे उल्लेख आहेत. कुणाकडून जुना डिस्ट्रिब्युटर मिळाला, कुणी लेथवर बुश करून दिला, कुठल्या टॅक्सीवाल्याने घाटात जेट फुंकून दिला आणि पैसे घेतले नाहीत. एकच गाडी साडेचार दशकं रस्त्यावर असल्यामुळे तिचं ज्ञान सगळीकडे सांडलेलं होतं. आणि या सगळ्याला जिवंत ठेवणारी होती मुंबईची टॅक्सी. अँबॅसडरपेक्षा लहान, गर्दीत वळायला सोपी, म्हणून मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी फियाट उचलली. काळ्या-पिवळ्या हजारो गाड्या, रोज दोन पाळ्यांत चालणाऱ्या. त्या रोज झिजायच्या, म्हणून रोज पार्ट लागायचे, म्हणून कुणीतरी ते बनवायचं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून नाना पेठेपर्यंत फळ्या भरलेल्या असायच्या त्या टॅक्सीवाल्यांसाठी. आमच्यासारखे रविवारचे लोक त्या फळीवरून एखादी पुडी उचलायचे, इतकंच.

मुंबईत टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षांची. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ ला. म्हणजे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे राहिली नाही. पेपरात फोटो आले, लोक हळहळले, मीही कुठेतरी एक अंगठा दाबला. त्या दिवशी माझ्या पार्किंगमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीचे पार्ट बंद झाले हे मला कळलं नाही. कारखाना तर त्याआधीच गेला होता. कुर्ल्याच्या त्या जागेवर आता कोहिनूर सिटी आहे, फ्लॅट आणि ऑफिसं. रस्त्याचं नाव मात्र अजून प्रीमियर रोड.

म्हणजे बाबांवर सक्ती होती पण त्यांच्या मागे अख्खं शहर होतं. माझ्यावर काहीच सक्ती नाही, ऑफिसला न्यायला दुसरी गाडी आहे, आणि माझ्या मागे कुणीच नाही. इंटरनेट आहे म्हणा. पण इंटरनेट चपलेतली स्प्रिंग शोधून देत नाही.

*

चौथ्या रविवारी मी बाबांची पद्धत वापरली. गाडी बंद पडल्यावर पंपावर ओलं फडकं टाकलं, घड्याळ लावलं. वीस मिनिटांनी सुरू! घरी येऊन जाहीर केलं : व्हेपर लॉक.

रात्री झोप येईना. डिसेंबरचा महिना, सकाळी पुण्यात स्वेटर घालावा लागतोय, सपाट रस्ता. एवढ्या थंडीत पेट्रोलची वाफ? ऑफिसमध्ये ज्युनिअर पोरांना मी नेहमी सांगतो, दुरुस्ती लागू पडली म्हणजे कारण कळलं असं नाही. पाचव्या रविवारी पुन्हा फेरी मारली, गाडी बंद पडली, आणि या वेळी फडकं न टाकता नुसता बसून राहिलो. वीस मिनिटांनी सुरू. म्हणजे औषध फडकं नव्हतंच, औषध होतं ती वीस मिनिटं.

घरी आल्यावर गाडी पार्किंगमध्ये चालू ठेवली. बाबांना खाली आणून खुर्चीवर बसवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पुन्हा आचके सुरू झाले आणि इंजिन बंद पडलं तसे म्हणाले, "टाकीचं झाकण उघड."

झाकण फिरवलं आणि आत हवा शिरल्याचा 'सूंऽऽ' असा लांबलचक आवाज आला. लगेच स्टार्टर मारला. चार-सहा फेऱ्यांत गाडी सुरू.

तुमच्या लक्षात आलंच असेल. टाकीतलं पेट्रोल कमी होत जातं तशी त्या जागी बाहेरची हवा आत यावी लागते, त्यासाठी एक बारीक नळी असते. ती बंद असेल तर टाकीत पोकळी तयार होते आणि बिचारा पंप कितीही ओढला तरी पेट्रोल येत नाही. गाडी थांबली की हवा कुठून तरी झिरपत आत येते, पोकळी भरते, गाडी सुरू. मी सायकलच्या ब्रेकची तार त्या नळीत घातली. वाळलेली माती आली, आणि तिच्यासोबत चार-पाच सुकलेले कोळी. कुंभारीण माशी! पाच वर्षं गाडी उभी, तेवढ्यात तिने नळीत घर केलं आणि पिल्लांसाठी कोळी भरून ठेवून तोंड लिंपून टाकलं.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"वहीत आहे," बाबा म्हणाले.

आहे. मे १९९१ : "सुट्टीनंतर गाडी बंद पडते. टाकीची नळी. कुंभारीण. खर्च नाही." म्हणजे उत्तर तीन रविवार आधीपासून... नाही, चौतीस वर्षं आधीपासून लिहिलेलं होतं. मी वही चाळली ती हळवं होण्यासाठी. वाचली नाही.

दुपारी दोघं खडकवासल्यापर्यंत जाऊन आलो. जाऊन-येऊन तासभर, एकही आचका नाही. बाबा शेजारी बसले होते, मांडीवर पाण्याची बाटली आणि एक फडकं. मी म्हटलं, "आता याची गरज नाही." ते म्हणाले, "असू दे." धरणाजवळ भजी खाताना मी विचारलं, गाडी ठेवू का? त्यांना अजून राग असेल तर उगाच कशाला, असं मनात होतं. ते म्हणाले, "राग होता तेव्हा होता. आता तू दुरुस्त करतोयस. मला नुसतं बसायचंय."

नोंदणीचे पैसे भरणार आहे. ब्रेकचे रबर कुठे मिळतात ते ज्यांना माहीत असेल त्यांनी जरूर कळवा, कारण फिटनेसला ब्रेक लागणारच. वहीत त्या दिवसाची नोंद करायला बाबांना पेन दिलं तर त्यांनी परत माझ्याकडे सरकवलं. म्हणून १९९१ च्याच शब्दांत मी लिहिलं : टाकीची नळी. कुंभारीण. खर्च नाही.

बाबांनी चष्मा लावून ते वाचलं आणि म्हणाले, "किलोमीटर राहिले." खाली जाऊन बघून आलो आणि लिहिले.